दोघींपैकी कोणाला येऊन गेली

९ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी ताईच्या ऑफिसची आहे. काल ती बाळंतपणासाठी आमच्याकडे आली तेव्हा बॅगेतून काढून माझ्या अंगावर टाकली. बोलली, "घे तेजू. तोंडाने तर काही बोलत नाहीस, इथे तरी बडबड कर." नववीत शाळा सोडल्यापासून मी काही लिहिलंच नाहीय. बोटं दुखतायत.

ताईचं सासर गिरगावात. नववा महिना लागलाय. मागच्या वर्षी तिचं पहिलं पोटातच गेलं, म्हणून आईने घरात कायदाच काढलाय, नमूला टेन्शन द्यायचं नाही. बाबांनी टीव्हीवरच्या बातम्या पण बंद केल्यात.

मी काम करते ते पाळणाघर आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत. कालिंदीकाकूंचं. परळच्या या चाळीतली निम्मी पोरं त्यांनी सांभाळली, ताईला आणि मला पण. आता मागच्या टॉवरमधून पण एकदोन येतात. मी दूध गरम करते, शी-शू काढते, झोपवते. पोरांशी मला बोलता येतं. त्यांचे आईबाप आले की मी मोरीत जाऊन भांडी घासते, घासलेली असली तरी.

आज दुपारी ताई काकूंकडे येऊन बसली. ध्रुव किरकिर करत होता. तिने त्याला मांडीवर घेतला आणि तो झोपेपर्यंत थोपटत राहिली. बोलली, "प्रॅक्टिस करतेय." काकू बोलल्या, "कर गो, पण तुझा येईल तो याच्यापेक्षा कमी रडूदे."

ध्रुव चार वर्षांचा. बाप टॅक्सी चालवतो, आई एका ऑफिसात साफसफाईला. त्याचं अंग गरम होतं. मानेवर लाल ठिपके. काकू बोलल्या घामोळं. फेब्रुवारीत कसलं घामोळं. पण मी काही बोलले नाही.

१० फेब्रुवारी

घामोळं नाही. ठिपक्यांत पाणी भरलंय. मी काकूंना दाखवलं तर त्यांनी आधी दरवाजा लोटला, मग ध्रुवला हात जोडले. त्या चार वर्षांच्या पोराला. तो पण हसून हात जोडायला लागला.

मी विचारलं, "काकू, या कांजि..."

"गप रव. नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तिला वाटतं आपल्याला बोलावलं."

मग उशीखाली कडुलिंबाचा पाला घातला आणि आमटीची फोडणी बंद, देवीला फोडणीचा वास चालत नाही म्हणून. मला वाटलं पोराला घरी पाठवतील. तर बोलल्या, त्याच्या आईचे गेल्या महिन्यात खाडे झालेत, आता राहिली तर काढतील तिला. आणि बाकीच्यांना पण त्याच्याच चटईवर झोपव. होऊन जाऊदे एकदाची. लहानपणी येते ती फुलासारखी, मोठेपणी येते ती काट्यासारखी.

मी झोपवलं सगळ्यांना. एका चटईवर.

आता लिहिताना पाय हलवतेय सारखी. आई दोनदा ओरडली, पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ताईची तपासणी होती दादरला. आई, ताई आणि बॅग धरायला मी.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, भरभर बोलतात. वजन, प्रेशर वगैरे झाल्यावर विचारलं, "घरात, शेजारी कोणाला ताप, अंगावर पुरळ? कांजिण्यांची साथ आहे सध्या."

आई लगेच बोलली, "नाही हो मॅडम. आमच्याकडे तसलं काही नाही."

आईला माहितीय. मंगळवारीच काकूंनी तिला सांगितलंय, नळावर, कानात.

"नम्रता, तुला लहानपणी झाल्या होत्या?"

ताई बोलली, "मला आठवत नाही."

आई बोलली, "आठवेल कसं, तापाने फणफणलेली. येऊन गेलीय तिला, चौथीत असताना."

मॅडमनी लिहिलं. लिहितालिहिता बोलल्या, नसतील झाल्या आणि अशा पेशंटच्या जवळ गेलीस तर लगेच यायचं. आठ-दहा दिवसांत इंजेक्शन देता येतं, त्यानंतर उपयोग नाही. या दिवसांत आईला झाल्या तर छातीत उतरतात, आणि डिलिव्हरीच्या आसपास असतील तर बाळाला धोका.

मी वजनकाट्याजवळ उभी होते. माझ्या तोंडात फक्त "ध्रुव" एवढंच होतं, तेवढं बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. नाही निघालं. जिभेवर कोणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं. शाळेत पण असंच व्हायचं. उत्तर यायचं आणि बाई पुढच्या मुलीकडे जायच्या.

येताना ताईने उसाचा रस पाजला. मी माझा अर्धा तिलाच दिला.

१३, परत

जेवताना मी आईला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ गाठलं. बोलले, "आई, सोमवारी ताईने त्याला मांडीवर..."

"कोणाला?"

"काकूंकडे. ध्रुवला."

आईचा हात थांबला. मग परत चपाती लाटायला लागली. "तिला येऊन गेलीय. एकदा आली की परत येत नाही. तू तोंडातून काढू नको, तिच्यासमोर तर अजिबात नाही."

बाबा पलंगावरून बोलले, "अगं नमूला कुठे, ती तेजूला आलेली ना? नवस फेडायला माहीमला शितलादेवीला गेलो तेव्हा माझ्या कडेवर तेजू होती."

"कडेवर तेजू होती कारण ती लहान होती. नवस नमूचा होता."

"मग दहीभाताचा नैवेद्य कोणाच्या हातून दाखवला?"

"तुम्ही गप बसा. तुम्हाला पोरींच्या जन्मतारखा माहीत नाहीत."

ताई गॅलरीत फोनवर होती. तिला ऐकू गेलं नाही.

म्हणजे कोणालाच माहीत नाही. आणि दोघं पण एकदम शुअर आहेत.

१४ फेब्रुवारी

ताईला मेसेज लिहिला. ताई तुला एक सांगायचंय. पुसला. ताई घाबरू नको पण. पुसला. घाबरू नको लिहिलं की माणूस आधी घाबरतो. ती माझ्या बाजूलाच झोपली होती, दुपारची, तोंड उघडं ठेवून. पोटावर हात. पोट मध्येच हललं, एकीकडून उचललं गेल्यासारखं, मग खाली गेलं.

पाळणाघरात अजून दोघांना ताप.

१५ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं केळी आणायला जाते आणि चालत दादरला गेले. वाटलं डॉक्टरनाच सांगावं, म्हणजे ताईला त्या नीट सांगतील. दवाखाना बंद. रविवार. एवढं पण डोक्यात आलं नाही. शटरजवळ झाडूवाली बाई होती, ती बोलली, "काय पाहिजे?" मी बोलले, "केळी."

तिने कोपऱ्यावरचा गाडीवाला दाखवला. घेतली. आई बोलली एवढा वेळ लागला, केळी पिकवत होतीस का.

१६ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी आई बाजारात गेलेली. ताई चप्पल घालत होती. बोलली, "चल, काकूंकडे येते तुझ्याबरोबर, घरात बसून कंटाळा आला. तो ध्रुव कसा आहे ग?"

मी दारात उभी राहिले. ती बोलली, "सरक." मी नाही सरकले.

"काय झालं तेजू?"

"नको जाऊ."

"का?"

मी चौकट धरली होती. बोलले, "कांजिण्या. ध्रुवला कांजिण्या आहेत. गेल्या सोमवारी तू घेतलंस तेव्हा पण होत्या. आईने डॉक्टरला खोटं सांगितलं."

एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. ताई खाली बसली, तिथेच, उंबऱ्यावर. रडेल असं वाटलं. ती फक्त बोलली, "आईला माहितीय?" मी मान हलवली. "काकूंना?" परत हलवली. मग भिंतीला धरून उठली, फाईल घेतली आणि बोलली, "चल."

टॅक्सीत बसलो. मी खिडकीकडे, ती खिडकीकडे.

मॅडम रागावल्या नाहीत. रक्त घेतलं. बोलल्या, यात कळेल हिच्या अंगात कांजिण्यांशी लढायची ताकद आहे का, उद्यापर्यंत. मी कशी काय बोलले माहीत नाही, पण बोलले, "लस देता येत नाही का आत्ता?" त्या बोलल्या, पोटात बाळ असताना नाही. लग्नाआधी घेतली असती तर प्रश्नच नव्हता. पण सरकारी दवाखान्यात फुकट देतात त्या डोसांत ही नसते, बाहेर घ्यावी लागते, म्हणून बऱ्याच जणांची राहते.

मग मॅडमनी आईला फोन लावला, स्पीकरवर.

"नम्रताला लहानपणी जे आलं होतं, त्यात पाण्याचे फोड होते की नुसतं लाल पुरळ?"

आई बोलली, "असं बघत नाही हो आम्ही. पाल्यावर निजवायचं, हात जोडायचे."

"खपल्या धरल्या होत्या?"

"आता एवढं कुठे..."

"म्हणजे त्या कांजिण्या होत्या की गोवर होता?"

फोनवर बराच वेळ फक्त बाजार ऐकू येत होता. कोणीतरी कोथिंबीर ओरडत होतं. मग आई बोलली, "ती होती, मॅडम. आम्ही नाव घेत नाही."

१७ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. ताईला कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत. ते दुसरंच काहीतरी होतं. मॅडमनी इंजेक्शन मागवून दिलं. बोलल्या वेळेत आलात, पण खात्री नाही. अजून तीनेक आठवडे वाट बघायची.

अनिशभावोजी आलेले. आईशी बोलले नाहीत. आईने त्यांना चहा दिला, तो त्यांनी थंड केला आणि तसाच ठेवला.

ताईने माझ्या फोनवरून पाळणाघराच्या ग्रुपवर टाकलं, ध्रुवला कांजिण्या आहेत म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. काकू आमच्या दारात आल्या, आत नाही आल्या. माझ्याकडे बघून बोलल्या, "सोळा वर्षं तोंडातून शब्द निघत नव्हता. निघाला तो हाच."

मी मोरीत गेले.

१९ फेब्रुवारी

पाळणाघर बंद. मनवाची आई, टॉवरमधल्या ऋता मॅडम, त्यांनी ग्रुपवर लिहिलं की मनवाचे दोन्ही डोस झालेत म्हणून बरं, पण आधी सांगायला पाहिजे होतं. बाकी कोणाचेच डोस झालेले नाहीत. चटई एकच होती.

ध्रुवच्या आईला कामावरून काढलं. तिला त्याला घरी ठेवावं लागलं ना. जिन्यात भेटली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर मॅडमनी माझं पण विचारलं. मी रोज त्या पोरांत होते, मला पण होऊ शकतात, दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागतात, म्हणून मी ताईपासून लांब राहायचं. आमच्या एका खोलीत लांब म्हणजे कुठे? आई बोलली मामाकडे रे रोडला पाठवूया. मामीने फोनवरच सांगितलं, आमच्याकडे लहान पोरं आहेत.

तेवढ्यात काकू गॅलरीतून, भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या, "माझी खोली रिकामीच केलीय लोकांनी. ज्याला राहायचं त्याने राहावं. मला येऊन गेलीय."

पिशवी घेऊन आले. काकू माझ्याशी बोलत नाहीत. गॅसशी बोलतात. "काही लोकांना भाकरी लागते, काही लोकांना चपाती. गॅसबाई, आपण भात लावूया."

२१ फेब्रुवारी

गॅलरीच्या या टोकाला मी, त्या टोकाला ताई. ती खुर्ची बाहेर आणून बसते. फोनवर बोलतो, एकमेकींकडे बघत. मी विचारते काही आलं का अंगावर. ती बोलते नाही. परत तासाने विचारते. आज बोलली, "तेजू, तू आधी बोलत नव्हतीस तेच बरं होतं." हसली. पण मग आपला हात उलटा करून बघत बसली.

२३ फेब्रुवारी

डोकं जड आहे. गोधडीचा वास बसलाय बहुतेक, काकूंनी पेटीतून काढली ती. कंबर पण दुखतेय, काल सगळी लादी पुसली म्हणून. पोटावर ढेकूण चावलाय. काकू अचानक माझ्याशी बोलल्या, "सदरा वर कर." बघितलं. मग बाहेर गेल्या आणि हातात कडुलिंबाची डहाळी घेऊन आल्या.

मी बोलले, "ढेकूण आहे."

"हो. मोठा ढेकूण आहे."

२५ फेब्रुवारी

ढेकूण नाही. तोंडात पण आहेत.

आई दारापर्यंत आली. बाबा बोलले होते मला आली होती, ते पण चुकले. दोघींपैकी कोणालाच नाही आली. नवस कोणासाठी फेडला मग?

२८ फेब्रुवारी

डॉक्टरनी गोळ्या दिल्या, मोठ्या वयात येतात म्हणून. काकूंनी पाकीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. तिला औषध देतात का? ती रागावते. आपोआप आली, आपोआप जाते.

मी घेतल्या नाहीत. वाद घालायला अंगात जीव नव्हता.

दुपारी त्यांच्या मोबाईलचा गजर झाला. त्या उठल्या, गोळी आणि पाणी समोर धरलं. मी बघत राहिले. बोलल्या, "बघतेस काय? लिमलेटची गोळी आहे. घे."

नंतर प्रत्येक वेळी गजर. प्रत्येक वेळी लिमलेटची गोळी. देताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात. मला वाटतं तिची माफी मागतात.

३ मार्च

खाली रंग आहे. पोरं ओरडतायत. माझा खोकला थांबत नाही. श्वास घेतला की आत काटा.

काल काकू आणि बाबांनी मला हॉस्पिटलला नेलं. फोटो काढला छातीचा. थोडंसं आहे, बोलले, वेळेत आलात. सगळे आम्हाला तेच बोलतात.

ताईच्या जागी हे असतं तर. हा विचार आला की मी उठून बसते. बसलं की खाज सुटते. झोपलं की परत तो विचार.

आरशात बघितलं नाही अजून. काकूंनी आरसा उलटा केलाय.

६ मार्च

पाळणाघरातल्या सगळ्या चाळीतल्या पोरांना झाल्या. मनवाला पण, पण तिला चार फोड आणि दोन दिवसांत सुकले, तिसऱ्या दिवशी खाली सायकल चालवत होती. मी काकूंना दाखवलं खिडकीतून. काकू बराच वेळ बघत होत्या. बोलल्या, "डोस घेतलेली ना ती?"

"हो."

"कुठे मिळतो?"

मी सांगितलं. मग बोलल्या, "नमूला मी पोटच्या पोरीसारखी वाढवली. मी तिच्या वाईटावर असेन का गो?"

मी पाणी आणून दिलं त्यांना. दहा वर्षांत... नाही, कधीच मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

१० मार्च

मॅडम बोलल्या होत्या ते तीन आठवडे काल संपले. ताईच्या अंगावर एक ठिपका नाही. तिने फोन करून सांगितलं. मी बोलले परत बघ, पाठीवर बघ. आईने पाठ बघितली. नाही.

माझ्या खपल्या पडतायत. गादीभर.

१४ मार्च

मुलगा झाला. काल सकाळी. वजन चांगलं आहे. बाबा खालून ओरडत वर आले, सगळ्या चाळीला कळलं, मला शेवटी.

मी अजून बघितलं नाही. भावोजींनी फोटो पाठवला. सगळी बाळं अशीच दिसतात. पण कान ताईचे आहेत.

१९ मार्च, पाडवा

काकूंनी कडुलिंबाची चटणी केली. मला वाढताना बोलल्या, "तुला नको. तुझा यंदाचा खाऊन झालाय." आणि स्वतःच हसल्या. माझ्याशी बोलतात आता. पाळणाघर पुढच्या महिन्यात सुरू करणार. चार पोरं येतील बोलल्या. ध्रुव नाही. ते लोक बदलापूरला गेले.

मी बोलले नसते तर ते इथेच असते. हे मी रोज उलटंसुलटं करून बघते. बोलले नसते तर ताई. बोलले तर ध्रुवची आई. काही जुळत नाही.

२२ मार्च, रविवार

घरी आले. डॉक्टरनी सांगितलं आता माझ्याकडून कोणाला काही लागत नाही. तरी मी दारातच उभी. चप्पल काढायची की नाही ते कळेना.

आई बाळाला शेकत होती. मला बघून बोलली, "तिथूनच बघ. तोंड बघ तुझं कसं झालंय, घाबरेल तो."

ताई पलंगावरून बोलली, "दे तिच्याकडे."

"अगं पण..."

"दे आई. या घरात सगळ्यात सेफ तीच आहे. तिला होऊन गेल्यात, रिपोर्टासकट."

आईने बाळ उचललं, दोन पावलं आली, माझ्या हातात दिलं आणि तिचे हात खाली तसेच धरून ठेवले, मी पाडेन म्हणून. पाळणाघरात मी एका वेळी दोन-दोन पोरं घेते, तरी याला दोन्ही हातांनी धरलं. फारच हलका. गरम. डोळे उघडले नाहीत. नखं वाढलीत त्याची, त्याने माझ्या हनुवटीवरच्या खड्ड्यात एक बोचवलं.

आई जवळच उभी होती. हळू आवाजात बोलली, "तेजू."

"काय?"

"तुला कांजिण्या झाल्या. नमूला नाही झाल्या. नमूला ते इंजेक्शन दिलं. आता बाळ जरा मोठं झालं की तिला लस घ्यायचीय, आणि त्याला पण, त्याच्या वेळेला." एकदम घोकून आल्यासारखी बोलली. "हे तू लक्षात ठेव. माझ्यावर राहू नका."

मग तिने देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले, पटकन, कोणी बघत नसल्यासारखं.

मी बोलले, ठेवते.